राग नाई आला काय

थापडीचा आवाज पौर्णिमा तायडेला आधी ऐकू आला, आणि ती आपणच मारली हे मागून कळलं. मधे पापणी लवण्याइतकाच वेळ गेला असेल, पण तेवढ्यातही तिने मान वर करून हॉलभर पाहिलं होतं, कोणी कोणाला मारलं म्हणून. मग तळवा भाजल्यासारखा झाला. समोर तिसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीचं डोकं उजवीकडे फिरलेलं होतं, एक वेणी खांद्यावरून पुढे आली होती, आणि ती मुलगी डावा कान हाताने झाकून जमिनीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. ते हसणं नव्हतंच खरं तर. मार बसल्यावर तोंडाची कातडी ज्या जागी ओढली जाते तिथे अडकून राहिली होती. पौर्णिमाला ते ठाऊक होतं, आतून ठाऊक होतं, आणि म्हणूनच क्षणभर तिला पुन्हा एकदा मारावंसं वाटलं.

हॉलमध्ये बासष्ट मुलं-मुली होती. नवतपा, मेअखेरचे सगळ्यांत तापते नऊ दिवस, लागला होता, अकोल्यात सकाळी साडेनऊलाच खिडकीचे गज हाताला चटका देत होते, आणि दोन कूलर ओल्या वाळ्याचा वास आणि गरम हवा फेकत होते. मुलं सगळी सातवी पास होऊन आलेली. कोणी बाळापूर, बार्शीटाकळीकडच्या खेड्यांतल्या जिल्हा परिषद शाळेतली, कोणी शहरातल्याच गल्ल्यांमधली. जूनमध्ये ती आठवीत या मोठ्या शाळेत बसणार. तीन मजल्यांची इमारत, दर तासाला बदलणारा शिक्षक, प्रयोगशाळा, सगळं पाहून पोरं बावरतात म्हणून शाळा मेच्या शेवटी पाच दिवसांचं शिबिर घ्यायची. नऊ वर्षं ते पौर्णिमाच घेत होती. पहिल्या दिवसाचा पहिला तास ती स्वतःची गोष्ट सांगण्यासाठी ठेवायची. आजही ती सांगून झाली होती, टाळ्या झाल्या होत्या, आणि सवयीने तिने विचारलं होतं, "कोणाला काही विचारायचं आहे?" तेव्हा ही मुलगी उभी राहिली. छातीवर टाचलेल्या कागदावर नाव होतं, माया म्हैसने. गणितातली शंका विचारावी तसं तिने विचारलं, "मॅडम, मंग तुमाले आईचा राग नाई आला काय?"

बस, एवढंच. त्यात उद्धटपणा नव्हता, कोणी हसलंही नव्हतं. पौर्णिमा रांगेतून चालत तिच्यापर्यंत गेली होती. तिला वाटलं होतं, आपण तिच्या खांद्यावर हात ठेवायला चाललो आहोत.

"बस खाली," ती म्हणाली. मुलगी बसली. पौर्णिमा फळ्याकडे गेली आणि आठवीला किती तास असतात, कोणता तास कोणत्या खोलीत, हे तिने लिहून दाखवलं. खडू दोनदा मोडला. मागे वळली की बासष्ट चेहरे एकदम वहीत जायचे. मुलांना शाळेची ओळख झाली होती.

संध्याकाळच्या पॅसेंजरने ती बडनेऱ्याला निघाली तेव्हा खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरून येणारी झळ तोंडावर घेत ती नुसती बसून राहिली. नांगरून टाकलेली काळी वावरं, त्यातून उठणारी वावटळ, एखादं निंब. चौदा वर्षं ती या गाडीने जात-येत होती. चौदा वर्षांत तिने मुलांवर हात टाकला नव्हता असं नाही. सुरुवातीला पट्टी होती, मग कायदा आला, पट्टी कपाटात गेली. पण त्या मारण्याला हिशेब होता, दोन म्हणजे दोन, हातावर म्हणजे हातावर. आजचं तसं नव्हतं. आजची थापड तिच्या खांद्यातून सुटली होती, विचारून निघाली नव्हती. मुलीने काय विचारलं होतं? राग नाई आला काय. आणि ती गोष्ट तर किती चांगली होती. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरात राहणारी पौर्णिमा, वडील खुशालराव पॉइंट्समन, आई चतुराबाई रुळांच्या गिट्टीवर मजुरी करणारी, शाळेचं तोंडही न पाहिलेली. संध्याकाळी आई चुलीपुढे बसायची आणि पोरीला शेजारी बसवून मोठ्याने वाचायला लावायची. आईला अक्षर येत नव्हतं, पण वाचणारी अडखळली की तिला बरोबर कळायचं. अडखळलं की पाठीत फुंकणी. "माझी आई म्हणायची, बाबासाहेबांनी एवढं केलं ते तुले गिट्टी फोडता यावी म्हणून नाई केलं." इथे पौर्णिमा नेहमी थोडी थांबायची. मग म्हणायची, "मुलांनो, त्या लोखंडी फुंकणीने मला घडवलं." शिबिराच्या शेवटच्या दिवशी पालक येऊन सांगायचे, मॅडम, तुमच्या आईसारखी आई पाहिजे.

गोष्टीतला एकही शब्द खोटा नव्हता. फक्त ती लवकर संपायची. बरगडीवर फुंकणी बसली की आवाज पोकळ येतो आणि मणक्यावर बसली की येतच नाही, हे गोष्टीत नव्हतं. चौथीत असताना भीतीने परकर ओला झाला आणि आईने त्यासाठी वेगळं मारलं, हेही नव्हतं. खुशालराव बाहेर बाजेवर बसून विडी ओढायचे, आणि आत तिचं ओरडणं वाढलं की उठून लांब फाटकापर्यंत चालत जायचे. गरीब माणूस, कोणावर आवाज चढवला नाही कधी, असं सगळे त्यांच्याबद्दल म्हणत. आणि बारावीतला फेब्रुवारी गोष्टीत नव्हता. तिच्या अंगात ताप होता, प्रॅक्टिकल चार दिवसांवर आलं होतं, डोळ्यांपुढे ओळी हलत होत्या आणि ती अडखळली. फुंकणी बोटांच्या पेरांवर आली. दुसऱ्यांदा येताना तिने ती धरली. ओढली. लोखंड हातात आलं, चुलीजवळून आल्यामुळे गरम होतं. आणि तिने मारलं.

एकदा मारलं, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. आईचा हात मध्ये आला, मनगट गेलं, झालं. पण मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा गाडीच्या त्याच त्या आवाजात तिला ते सगळं क्रमाने दिसायला लागलं, कोणीतरी सावकाश उलगडून दाखवत असल्यासारखं. पहिला फटका खांद्यावर. दुसरा, आईने तोंडापुढे हात धरला तेव्हा, मनगटावर. ओली काटकी पायाखाली यावी तसा आवाज. आई खाली बसली. म्हणजे तेव्हाच संपलं होतं. आणि त्यानंतर तिसरा. आणि चौथा, पाठीत, आई चुलीकडे तोंड करून वाकलेली असताना. तिसऱ्या आणि चौथ्या फटक्याच्या मध्ये तिने परकराला हात पुसला होता, कारण फुंकणी घामाने निसटत होती. आणि किती हलकं वाटलं होतं. ताप उतरल्यासारखं. समोरच्या बाकावरच्या बाईने तिला विचारलं, "तब्येत बरी नाई काय, ताई?" तेव्हा पौर्णिमाला कळलं की आपण पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी पिळतो आहोत.

चतुराबाई आता तिच्याजवळच राहायची, बडनेऱ्याच्या नव्या वस्तीतल्या घरी. सत्तरी ओलांडलेली, कोरडी, ताठ. खुशालराव जाऊन अकरा वर्षं झाली होती. पौर्णिमा घरी पोचली तेव्हा ती ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत होती, डाव्या हाताने. उजवं मनगट वाकडं जुळलेलं, ते नुसतं सुपाला टेकवून ठेवलेलं. पौर्णिमा पाणी प्यायली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"आई, आज मी एका पोट्टीले मारलं."

"अभ्यास नसन केला."

"अभ्यास कायचा, शिबिर आहे. तिनं इचारलं मले, तुमाले आईचा राग नाई आला काय म्हनून."

चतुराबाईची बोटं डाळीतून फिरत राहिली. एक खडा तिने बाजूला टाकला. "मंग तू काय सांगतलं?"

"काई नाई. मारलं."

"कुठी लागलं तिले?"

"गालावर. कानावर बी लागलं असन."

"कानावर मारू नये," चतुराबाई म्हणाली. "मी कदी तुह्या कानाले हात नाई लावला. डोक्यावर नाई, कानावर नाई. पाहून पाहून मारत होती मी."

ते खरं होतं. पौर्णिमाने कधी हा विचार केला नव्हता. एवढ्या वर्षांच्या मारात आईने पोरीचे कान, डोळे आणि डोकं सांभाळलं होतं. शिकायला लागतं तेवढं सगळं.

"आई, बारावीत मी तुले मारलं होतं."

"नळावर पडली मी."

"चारदा मारलं. तुहा हात मोडल्यावर बी मारलं."

"नळापाशी शेवाळ राहे," चतुराबाई म्हणाली, आणि पहिल्यांदा तिने मान वर केली. तिचा आवाज अजिबात बदलला नाही. "समदं क्वार्टर घसरे तथी. तुह्या बापानं दोनदा अर्ज देला होता नळाचा. मी पान्याचा गुंड भरून उचलला अन् पाय गेला. डॉक्टरले बी तेच सांगतलं म्या. जे झालंच नाई ते काहून सांगून राहिली तू?"

तिने वाकडं मनगट पदराखाली घेतलं आणि पुन्हा डाळीला लागली. पौर्णिमा तिच्याकडे बघत राहिली. चोवीस वर्षांत तो नळ, ते शेवाळ, तो गुंड आईने इतके घासूनपुसून ठेवले होते की तिथे आता खरंच कोणीतरी घसरून पडलं होतं. आईने आपल्याला माफ केलं, असं पौर्णिमाला इतकी वर्षं वाटत होतं. आज वाटलं, तसं काही नसावं. मार खाणारी आपण नव्हेच, असं आईने ठरवलं होतं आणि ती त्यावरच उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत पोचली तेव्हा शिपायाने सांगितलं, मुख्याध्यापकांनी बोलावलं आहे, काल ज्या मुलीला मारलं तिचे वडील आले आहेत. जिना चढताना तिला बरं वाटत होतं. तक्रार होईल, लेखी द्यावं लागेल, मुलीची माफी मागता येईल. तिने वाक्यही तयार केलं होतं. पण आत शिरली तर मुख्याध्यापक साबळे सर प्रसन्न चेहऱ्याने बसलेले, टेबलावर पेढ्यांचा डबा, आणि खुर्चीतून उठून हात जोडणारा अडतिशीचा माणूस. इस्त्रीचा शर्ट, बोटांच्या टोकांना वॉर्निश लागून काळपट झालेलं. प्रीतम म्हैसने, जुन्या शहरात विहिरींच्या मोटरींचं वायंडिंग भरून देण्याचं दुकान होतं त्याचं. माया त्याच्या उजव्या हाताला उभी होती, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.

"मॅडम, तुमी बरोबर केलं," तो म्हणाला. "मी काल घरी आलो त आमच्या बाईनं सांगतलं, पोरीले मॅडमनं मारलं. मी म्हनलं, चांगली शाळा आहे. लय तोंड चालते हिचं. मले बी इचारते, तुमी काहून वरडता म्हनून. आता तुमच्याकडेच आहे जी पाच वर्षं. हाडं आमची, बाकी तुमचं."

साबळे सर हसले. "आजकाल असे पालक कुठे मिळतात, तायडे मॅडम? नाहीतर लगेच कायदा दाखवतात."

"नाही सर," पौर्णिमा म्हणाली, "चूक माझी—"

"तुमची कायची चूक? माया, पाया पड मॅडमच्या."

मुलगी हलली नाही. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं आणि डावा कान बापाकडे.

"माया. काय म्हनून राहिलो मी?"

ती तशीच. नंतर पौर्णिमाने हा क्षण किती वेळा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. ऐकलं नव्हतं, की ऐकू गेलं नव्हतं?

"ऐकू नाई येत काय तुले?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, पाहुण्यांपुढे वाटणारी थोडी लाज होती. त्याने पोरीला समोर फिरवलं, एका हाताने वेणी धरून तोंड वर केलं आणि दुसऱ्याने थापड मारली. माप घेऊन, पूर्ण हाताची. मग आणखी एक, त्याच जागी. मुलीच्या नाकातून एक आवाज आला, कुत्र्याच्या पिल्लाचा असतो तसा. साबळे सर म्हणाले, "अहो, राहू द्या, राहू द्या," आणि खुर्चीत बसून राहिले.

तिसऱ्यांदा हात वर गेला तो पौर्णिमाने हवेत धरला. दोन्ही हातांनी, मनगटाशी. एवढंच करायचं होतं, धरायचं, थांबवायचं. पण हातात मनगट आलं आणि तिच्या हातांना त्याची ओळख पटली. तिने ते पिळलं, त्याच्या पाठीमागे नेलं, वर रेटलं. खुर्ची पडली. डबा लवंडला, पेढे फरशीवर घरंगळले. तो गुडघ्यांवर आला, "मॅडम, मॅडम," म्हणत, अजून आदरानेच. ती वर रेटत राहिली. हाड कुठवर येतं आणि कुठे नाही म्हणतं हे तिला बरोबर कळत होतं, आणि त्या जागेवर येऊन ती थांबली नाही. आतून एक बारीकसा आवाज आला. तो ओरडला. आणि पौर्णिमाच्या अंगातून ते जुनं हलकेपण वर चढलं, पायांपासून, गार पाण्यासारखं. या उन्हाळ्यात पहिल्यांदाच तिला गार वाटलं. "तायडे मॅडम, सोडा," साबळे सर म्हणत होते. त्यांनी ते तीनदा म्हटलं, असं त्यांनी पुढे चौकशीत सांगितलं. तिने एकदाच ऐकलं.

प्रीतम फरशीवर बसला, हात छातीशी धरून. घामाने त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "तुमी लोकं..." तो म्हणाला आणि थांबला. खोलीतल्या प्रत्येकाने ते आपापलं पुरं केलं. मग शिपाई दारातून म्हणाला, "सर, पोरीच्या कानातून रक्त येऊन राह्यलं."

फार नव्हतं. केसांइतकी बारीक ओळ, कानाच्या पाळीपर्यंत येऊन थांबलेली. माया बोटाने ती पुसून बोटाकडे बघत होती.

कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना रिक्षाने पाच मिनिटांवर होता; मायाला घेऊन पौर्णिमा आणि प्रीतम तिथे गेले. मुलीची आई चंदा घरून थेट तिथे आली, पदराने तोंड पुसत, स्वयंपाक अर्धा टाकून. डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी कानात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. पडदा फाटला होता. "भरून येईल बहुतेक, दोनेक महिने लागतील. नाही भरला तर बघू. काय लागलं हिला?"

"पडली जी," चंदा म्हणाली. "मोरीत पाय घसरला."

माया आईकडे बघत होती. पौर्णिमाला वाटलं, आता आपण गप्प बसलो तर सगळ्यांचं सोपं होईल. मुलीचंही. "पडली नाही," ती म्हणाली. "काल सकाळी मी मारलं. आज तिच्या वडिलांनी मारलं. दोनदा. बाहेर बसलेत ते. त्यांचा हात मी मोडला असेल."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कशाने फाटला? कालच्या की आजच्या?"

"तेच मला विचारायचं होतं तुम्हाला."

"ते नाही सांगता येणार. एका दिवसाचा फरक आहे, आणि दोघांनीही याच बाजूला मारलं." त्यांनी कागद पुढे ओढला. "पोलिसांना कळवावं लागेल मला. लहान मूल आहे."

डॉक्टर फोन करायला बाहेर गेल्या तेव्हा चंदा पौर्णिमाच्या जवळ आली. ती रागावलेली नव्हती. खालच्या आवाजात, शेजारणीला सांगावं तसं तिने सांगितलं, "मॅडम, तुमी खरं बोलल्या अन् तुमच्या घरी जासान. आमाले दोघीइले त्यायच्याच घरी जा लागते."

पुढे चौकशी झाली, ती निलंबित झाली, प्रीतमवर आणि तिच्यावर एकाच दिवशी गुन्हा नोंदला गेला, शिबिर दुसऱ्या कोणीतरी पूर्ण केलं, आणि चंदा पोरीला घेऊन दोन महिने माहेरी बार्शीटाकळीला राहिली व परत आली.

त्या दुपारी, पोलीस येईपर्यंत, मायाच्या ऐकण्याची तपासणी करून घ्यायची होती. काचेची एक लहान खोली होती, तीत मायाला स्टुलावर बसवून कानांवर यंत्र चढवलं. बाहेर यंत्रापाशी एक तरुण मुलगी बसली होती. तिने मायाला खुणेने समजावलं, आवाज आला की बोट वर करायचं, कितीही बारीक आला तरी. चंदा औषधं आणायला गेली होती, म्हणून पौर्णिमा काचेशी उभी राहिली. उजवा कान पटपट झाला. बोट वर, खाली, वर. मग डावा. यंत्रावरचा दिवा लागत होता, विझत होता, आणि मायाचं बोट गुडघ्यावर पडून होतं. पौर्णिमाने कपाळावरचा घाम पुसला. बोट वर गेलं. तपासणाऱ्या मुलीने काहीतरी लिहिलं, खोडलं. पौर्णिमाने साडीचा पदर सावरला. बोट वर गेलं.

"मॅडम, आता मी आवाजच दिला नव्हता," ती मुलगी म्हणाली. तिने मायाकडे पाहिलं, मग पौर्णिमाकडे. "तिचं ऐकण्याकडे लक्ष नाहीये. ती तुमच्या हाताकडे बघते आहे. तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

पौर्णिमाने काचेतून पाहिलं. माया खरंच तिच्या हाताकडे बघत होती. डोळे न हलवता, अंग थोडं मागे घेऊन. पौर्णिमा दोन्ही हात पाठीमागे घेऊन मागे सरली आणि दार ओढून बाहेर आली.

बोळात एकच बाक होता. त्यावर प्रीतम म्हैसने बसला होता, सुजलेलं मनगट रुमालात गुंडाळून मांडीवर धरलेलं. पोलीस अजून आले नव्हते. दुपारचं ऊन दारापाशी येऊन पडलं होतं, उभं राहायलाही दुसरी सावली नव्हती. त्याने तिला पाहिलं, खाली बघितलं. मग भिंतीकडे सरकला आणि तिला जागा करून दिली. पौर्णिमा त्याच्या शेजारी बसली.